पाटीवरची केराबाई

केराबाई धनगरणीची ही हकीकत मला माझ्या आत्यानं, अंबुबाईनं, सांगितली. आत्या सोलापुरात मिलच्या रीळखात्यात कामाला होती आणि मिलच्याच चाळीत राहायची. केराबाई तिची मैत्रीण. दोघींचं जमलं ते घोंगडीवरून. आत्यानं एकदा घासाघीस करून घोंगडी घेतली, घरी गेल्यावर तिला वाटलं आपण जरा जास्तच ताणलं, म्हणून पुढच्या बाजाराला ती केराबाईसाठी शेंगाची चटणी घेऊन गेली. केराबाईनं चटणी घेतली आणि म्हणाली, "बस की जरा. उभ्यानं आणलेलं गोड लागत न्हाय." तेव्हापासून दर मंगळवारी आत्या तिच्याजवळ बसायची.

केराबाई सांगोल्याकडची. नवरा धुळाप्पा घोंगड्या विणायचा आणि ही लोकर कातायची. सोलापूरच्या कडेला, माळावर त्यांचं घर होतं आणि घराशेजारी मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघूर. बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन नवी पेठेत यायची आणि वीरभद्रप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसायची. वीरभद्रप्पा लिंगायत वाणी, मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. केराबाई पायरीवर बसते म्हणून त्यांनी कधी काही मागितलं नाही, आणि थंडीच्या तोंडाला एक चांगली घोंगडी त्यांच्या घरी जायची हेही न बोलता ठरलेलं होतं.

केराबाई काळी होती. हे सांगायचं कारण पुढं येईल. उंच, हाडापेरानं रुंद, उन्हात रापलेली काळीभोर बाई. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आणि कपाळावर एक बारीक उभी रेघ. ते गोंदण तिच्या आईनं करकंबच्या बाजारात काढून घेतलं होतं, ती लहान असताना. सुई टोचताना केराबाई रडली, तर आई म्हणाली होती, "गप. मेल्यावर आपल्यासंगं येणारा दागिना हाच. बाकीचं सगळं मागं राहतंय." ती आई पुढच्याच पटकीत गेली. केराबाईला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता, पण हे वाक्य आठवायचं.

संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो. मी सांगते ते साल तेहतीस-चौतीसचं असावं. त्या वर्षी गड्ड्यात पाळणे, चक्री, भेळ-बत्ताशांच्या दुकानांबरोबर एक नवा तंबू लागला होता. मुंबईच्या एका साबण कंपनीचा. कंपनी साहेबांची, साबणाचं नाव मात्र देशी ठेवलेलं, 'रूपगौर'. तंबूत एक फोटोग्राफर होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर कमळं आणि हंस. जो फोटो काढून घेईल त्याला एक साबणाची वडी फुकट.

धुळाप्पाला फोटोची फार हौस. "आपला एक तरी फोटू पायजे की," तो म्हणाला. दोघं पडद्यापुढं उभी राहिली. मग फोटोग्राफरनं धुळाप्पाला बाजूला केलं आणि एकट्या केराबाईचा आणखी एक फोटो घेतला. मान इकडं वळवा, हसू नका, डोळे मोठे करा, असं म्हणत. केराबाईनं तसं केलं. फोटो मिळाला नाही. नंतर पाठवतो म्हणाले. वडी मिळाली. तिचा वास केराबाईला आवडला, तिनं ती सणासुदीला पुरवून पुरवून वापरली.

पाटी आली ती पावसाळा संपता संपता. मंगळवारी केराबाई गठ्ठा घेऊन नवी पेठेत आली तेव्हा वीरभद्रप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, चकचकीत रंगीत पत्रा ठोकलेला होता. तिनं गठ्ठा उतरवला, घोंगड्या मांडल्या. पत्र्याकडं तिचं लक्षच नव्हतं. पण येणारी-जाणारी माणसं एकदा पत्र्याकडं बघत आणि एकदा तिच्याकडं बघत. दोन कापडवाल्या बायका थांबल्या, तोंडाला पदर लावून हसल्या आणि पुढं गेल्या. शेवटी एक टांगेवाला बोललाच, "काय मावशी, अजून साबण लावला न्हाई वाटतं?"

मिलमधनं सुटून आत्या आली तोवर केराबाईच्या पायरीवर एकही गिऱ्हाईक थांबलं नव्हतं. आत्याला वाचता यायचं. तिनं पत्रा बघितला आणि खालची अक्षरं वाचली.

पाटीवर दोन बायका होत्या. डावीकडं केराबाई. तोच पडदा, तीच मान. पण रंग असा काही फासला होता की चेहरा शाईच्या दौतीसारखा दिसत होता. ओठ जाड आणि लाल केलेले, डोळे बाहेर आलेले, केस पिंजारलेले. गोंदणाचे तीन ठिपके तेवढे जिथल्या तिथं ठेवले होते, उलट पांढरे काढले होते, उठून दिसावेत म्हणून. उजवीकडं तीच बाई धुऊन गोरी झालेली. लिंबाच्या रंगाची, रेशमी लुगड्यातली, नाक सरळ, ओठ पातळ. तिच्या हनुवटीवर काही नव्हतं. खाली लिहिलं होतं: 'काळी ती रानटी, गोरी ती घरंदाज. आजच रूपगौर वापरा.'

"काय लिवलंय?" केराबाईनं विचारलं.

आत्या म्हणाली, "साबणाचं हाय. चल, आज लवकर उठ."

"अंबू, मला कळतंय ती मी हाय. माझं ठिपकं मी वळखते. काय लिवलंय ते सांग."

आत्यानं सांगितलं. केराबाईनं ऐकून घेतलं. मग तिनं घोंगड्या उचलल्या, घड्या घातल्या आणि गठ्ठा बांधला. उठताना तिनं पुन्हा एकदा उजवीकडच्या बाईकडं बघितलं आणि म्हणाली, "साबणानं गोंदाण कसं गेलं? आयनं काढल्यालं." ती हे रागानं म्हणाली नाही. खरोखर कोडं पडल्यासारखी म्हणाली, असं आत्या सांगायची.

घरी धुळाप्पानं ऐकलं तेव्हा तो काठी घेऊनच निघाला होता. पत्रा फोडतो म्हणाला. केराबाईनं त्याला दारात अडवलं. "पत्रा फोडला तर तुला न्हेतील धरून. गेल्या चार वर्सांत चळवळीपायी किती लोक आत घातलं बघितलंस न्हवं? आनि वाण्याचा काय दोस, त्यानं काडलं का चित्तर? आधी इचारते."

पुढच्या बाजाराला ती मोकळ्या हातानं गेली. वीरभद्रप्पा गादीवर बसले होते. त्यांनी पाटी लावताना नीट बघितली नव्हती. लावल्यावर त्यांना ओळख पटली होती आणि तेव्हापासून ते जरा अवघडलेलेच होते.

"आप्पा, ती पाटी काढा की."

"अक्का, माझी असती तर आत्ता काढली असती. कंपनीची आहे. एजन्सी देताना लिहून घेतात, पाटी दर्शनी लावायची म्हणून. नाही लावली तर माल नाही."

"मी तुमच्या पायरीवर किती वर्सं बसते?"

"बसतीस की."

"तर मग मी हितं, आनि डोक्यावर ते. कसं बसू?"

वीरभद्रप्पांनी तराजूचं पारडं विनाकारण पुसलं. "तू मनावर घेऊ नको. लोक चार दिवस हसतात. चित्र आहे ते, अक्का. चित्रानं काय होतंय?"

"काय होत न्हाय तर लावलंय कशाला?" केराबाई म्हणाली.

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. त्या दिवसापासून तिनं ती पायरी सोडली. पण नवी पेठ सोडली नाही. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला, एका बंद असलेल्या सोनाराच्या दुकानाच्या ओट्यावर तिनं घोंगड्या मांडल्या, बरोबर पाटीच्या समोर.

आत्याला वाटलं, ही डोकं फिरल्यासारखं करते आहे. "लांब कुटंतरी बस की. भवानी पेठंत बस. दर बाजाराला त्याच्याकडं कशाला बघायचं?"

"मी बघत न्हाय," केराबाई म्हणाली. "लोकांनी बघावं म्हून बसते. तितं मी हाय असं समदे म्हनतात. हितं मी हाय. दोन्हीकडं बघू देत."

आणि ती खरंच तेवढंच करायची. बाई घोंगडी बघायला थांबली की घोंगडी दाखवायची, चिंचुक्याची खळ कशी बसलीय ते सांगायची, आणि मग सहज सांगावं तसं सांगायची, "ती समोर पाटी हाय न्हवं, ती मी. गड्ड्यात फोटू घेतला माझा आनि मला न इचारता असं केलं. खाली लिवलंय, काळी ती रानटी." एवढं बोलून ती पुन्हा लोकर कातायची चाती फिरवायला लागायची. काही बायका हसल्या. काही गप्प झाल्या. एका ब्राह्मण विधवा बाईंनी पाटीकडं बघून नुसतं "शिव शिव" म्हटलं आणि घोंगडी न घेता गेल्या, पण पुढच्या मंगळवारी येऊन घेतली.

खरा फरक पडला तो चाळीत. रूपगौर साबण घेणार कोण होतं? पेठेतल्या श्रीमंतांकडं विलायती डबे यायचे. ही वडी मिलमधल्या बायकांसाठी होती. पगाराला एखादी वडी घ्यायची, आणि लग्नाच्या पोरीला लावायची. आत्याच्या खात्यात मराठे होते, महार होते, तेलंगी पद्मशाली होते, मुसलमान होते, आणि निम्म्याहून जास्त बायका केराबाईइतक्याच काळ्या. आत्यानं दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना हे सगळं सांगितलं. कुणाला उपदेश केला नाही, तिला तो करताच यायचा नाही. ती एवढंच म्हणाली, "वाचून बघा काय लिवलंय ते. आपल्यालाच इकतात, आनि आपल्यालाच रानटी म्हनतात."

मायाक्का नावाची एक पोक्त बाई होती. तिची थोरली पोर रंगानं सावळी म्हणून बघायला आलेल्यांनी दोनदा नाकारलेली. मायाक्काच्या घरी रूपगौरची वडी होती. ती म्हणाली, "पोरगी घासघासून रगात काढतीया अंगातनं. मीच घासायला सांगितलं." आणि तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. संध्याकाळी तिनं ती वडी नेऊन भांडी घासायच्या राखेत टाकली.

मग बायका साबण घेईनाशा झाल्या. ठराव नाही, सभा नाही. एकीनं दुसरीला सांगितलं. वीरभद्रप्पांच्या दुकानात येऊन बायका मीठ-मिरची घ्यायच्या, आणि रूपगौर पुढं केलं की म्हणायच्या, "ते नगं. शिकेकाई द्या." दिवाळी आली आणि गेली. दिवाळीत साबण खपणार म्हणून वीरभद्रप्पांनी पेट्या भरून घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. पेठेतल्या दुसऱ्या दुकानांतही तसंच झालं.

कंपनीचा एजंट आला तो दिवाळीनंतर. मुंबईचा, तरुण, कोट-टोपीतला. वीरभद्रप्पांनी त्याला काय झालं ते सांगितलं आणि रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. एजंट ओट्यापाशी आला. मंगळवार होता, आत्या तिथंच होती.

तो चांगल्या बोलीचा माणूस होता. उभ्यानं बोलला नाही, ओट्याच्या कडेला बसला. "बाई, आपली काहीतरी गैरसमजूत झालेली दिसते. हे चित्र आपलं म्हणून काढलेलं नाही. चित्रकारानं नमुना म्हणून फोटो घेतला. आपलं नाव कुठं आहे त्यावर?"

"नाव न्हाय. त्वांड हाय."

"पण हे अपमान करायला काढलेलं नाही हो. जाहिरातीत थोडं वाढवून दाखवावंच लागतं. विलायतेत तर ही कल्पना किती वर्षं चालते. तिथं हबशाचं पोर दाखवतात टबात बसलेलं. साबण लावला की गोरं होतं. लोक हसतात, साबण घेतात. साहेब म्हणाले, हिंदुस्थानात हबशी कोण ओळखणार, इथलंच कुणीतरी घ्या."

केराबाईनं चाती थांबवली. "म्हंजी आमी तुमच्या सायबाचं हबशी."

"तसं नव्हे..."

"आनि हबशाच्या लेकराला तरी इचारलं हुतं का?"

एजंटनं कॉलर सारखी केली. आत्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. तो स्वतः सावळ्याहून चार छटा पुढं होता. मानेवर, कॉलरच्या वर, कातडी कोरडी होऊन पांढुरकी पडली होती. आत्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमी लावता का हो हा साबण?"

"लावतो," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज." मग थोड्या वेळानं, खाली बघत, "कंपनीत साहेब लोकांसमोर बसायचं असतं."

आत्या आणखी काही बोलणार होती. केराबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असू दे अंबू. त्यांचं त्यांना ठावं." आणि मग एजंटला म्हणाली, "दादा, माझं दुसरं काय न्हाय. माझं त्वांड तितनं काढा. साबण फुकाट नगं, काय नगं."

एजंट खरोखरच साबणाची पेटी देऊ करणार होता, ते तसंच राहिलं. पाटी उतरवायला लावतो म्हणाला. पण छापलेल्या पाट्या कुठं कुठं गेल्यात ते त्याच्याही हातात नव्हतं. स्टेशनांवर, तालुक्याच्या गावी, पार नगरपर्यंत गेल्या होत्या. "सगळ्या काही मी काढू शकत नाही," तो म्हणाला. केराबाईला हे खरं वाटलं, कारण तो खोटं बोलून सुटू शकला असता.

पाटी उतरली. आत्याला वाटलं झालं, जिंकलो. चाळीत तिनं गूळ वाटला.

पण कंपनीनं भिंत रिकामी ठेवली नाही. माघ लागला तशी वीरभद्रप्पांकडं नवी पाटी आली. एजंट बोलला होता तीच, विलायतेची. लाकडी टबात बसलेलं हबशाचं लहान पोर. गळ्यापर्यंत पांढरं झालेलं, वर तोंड काळं, आणि ते तोंड हसत होतं. शेजारी एक गोरी मुलगी हातात वडी घेऊन उभी.

वीरभद्रप्पांनी ती लावून टाकली. ही तर कुणाचीच नाही, आता कुणाची तक्रार असणार? केराबाईची पायरी पुन्हा मोकळी झाली होती. तिनं यावं म्हणून त्यांनी स्वतः निरोप धाडला.

ती आली. गठ्ठा खाली ठेवला नाही. पाटीपुढं उभी राहून बघत राहिली.

"हे कुनाचं लेकरू, आप्पा?"

"कुणाचं म्हणजे? तिकडचं. सातासमुद्रापलीकडचं. त्याला कोण ओळखतंय इथं?"

"वळखत न्हाय खरं," केराबाई म्हणाली. "मला बी कोन वळखत हुतं मुंबईत? त्याची आय कुटंतरी आसंलच की." आणि गठ्ठा तसाच डोक्यावर ठेवून ती रस्ता ओलांडून परत ओट्यावर जाऊन बसली.

वीरभद्रप्पांच्या मुलीचा सहा-सात महिन्यांचा मुलगा तेव्हा आजोळी आलेला होता. पोर काळंसावळं, गुटगुटीत, सारखं हसणारं. घरात त्याला पाटावर बसवून न्हाऊ घालायचे तेव्हा वीरभद्रप्पा जेवण टाकून बघायला जायचे. हे त्यांनी स्वतः नंतर आत्याला सांगितलं, फार लाजत. न्हाऊ घालताना त्यांना त्या टबातलं पोर दिसायला लागलं, ते म्हणाले, आणि आपल्या नातवाकडं बघवेना.

पुढच्या मंगळवारच्या आत त्यांनी पाटी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीला कळवलं की पाटी लावणार नाही. कंपनीनं एजन्सी काढून घेतली, जसं लिहून घेतलं होतं तसंच. एजन्सी चार दुकानं सोडून एका नव्या दुकानदाराकडं गेली आणि टबातलं पोर तिकडं जाऊन बसलं. तिथं ते बरीच वर्षं होतं. त्या दुकानात साबण खपला, कारण पेठेत नवीन नवीन लोक येतच होते आणि सगळ्यांनाच केराबाई भेटत नव्हती. वीरभद्रप्पांचं मात्र नुकसान झालं, आणि त्यांच्या भावानं त्यांना त्यावरून ऐकवलं. ते म्हणायचे, "बेसन आणि रिठा विकतो की. त्याला पाटी लागत नाही."

केराबाई त्यांच्या पायरीवर परत आली. दोघांच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. मायाक्काच्या पोरीचं लग्न पुढच्या वैशाखात एका पद्मशाली कारागिराशी झालं आणि त्यावरून चाळीत वेगळीच गडबड उडाली, पण ती गोष्ट निराळी.

काही वर्षांनी केराबाईची धाकटी लेक केमला दिली. पहिल्या बाळंतपणाला केराबाई निघाली तेव्हा सोबतीला तिनं आत्याला नेलं. बाळ-बाळंतीण खुशाल होती. परत येताना दोघी केम स्टेशनवर गाडीची वाट बघत होत्या. गाडीला वेळ होता म्हणून आत्या चहा बघायला बाहेर गेली. स्टेशनासमोर एक पानविड्यांचं दुकान, आणि त्याच्या भिंतीवर, गंजून कडा गेलेली, ती जुनी पाटी होती. पहिली. केराबाईची.

आत्या तशीच परत फिरली. केराबाईला बाहेर येऊच द्यायचं नाही असं तिनं ठरवलं. पण केराबाई तिच्या मागोमाग आली होती. तिनं पाटी बघितली. आता तिच्या केसांत पांढरं आलं होतं आणि पाटीवरची बाई तरुण होती.

"चल, गाडी येतीया," आत्या म्हणाली.

केराबाई दुकानापाशी गेली. आत पानं पुसत बसलेला दुकानदार बऱ्यापैकी वयाचा होता, पाटीकडं त्यानं वर्षानुवर्षं बघितलंही नसावं. "काय पाहिजे, बाई?"

"काय न्हाय. दादा, ही पाटी हितं कवा आली?"

"कुणास ठाऊक. माझ्या आधीच्यानं लावली. का?"

लांबून गाडीची शिटी ऐकू आली. आत्यानं पिशवी उचलली आणि तिला हाक मारली. केराबाईनं मागं वळून हातानंच थांब अशी खूण केली, पदर सावरला आणि दुकानाच्या फळीवर टेकली.

"सांगते," ती म्हणाली. "तुमाला जरा येळ हाय का?"